उरा म्हणजे काय?

यशोधरा जवळच्याच एका खेड्यातली. अंबाजोगाईत एस्तेरताई शिरसाठांच्या बालगृहात ती मुलांची देखभाल करायला लागली, त्याच आठवड्यात पोलिसांनी ती मुलगी आणून सोडली. सहा-सात वर्षांची, अंगानं किरकोळ, केसांच्या जटा झालेल्या. घाटनांदूरच्या स्टेशनात नळापाशी उभी होती म्हणे, आणि गाडी निघून गेलेली. आईबाप सापडेपर्यंत बालकल्याण समितीनं तिला एस्तेरताईंच्या हवाली केलं.

पोरगी मुकी नव्हती. उलट लई बोलायची. पण काय बोलते ते कुणाला उमगत नव्हतं. मराठी नाही, हिंदी नाही. एका शिपायानं तेलुगू बोलून पाहिलं, तेही नाही.

"नाव तरी ठेवा कायतरी," यशोधरा म्हणाली. "हाक कशी मारायची?"

"नाव हाय की तिला," एस्तेरताई म्हणाल्या. "आपल्याला ठाऊक न्हाई एवढंच. तवर बाळा म्हण."

यशोधराला या बाईचं मोठं कुतूहल होतं. ती स्वतः बुद्धवंदना ऐकत वाढलेली. ख्रिस्ती माणूस इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होती. तिला वाटलं होतं, इथं पोरांना दोन्ही वेळ प्रार्थनेला बसवत असतील. तसं काही नव्हतं. एस्तेरताई सकाळी एकट्याच स्वयंपाकघरात डोळे मिटून बसायच्या, आणि उठल्या की एकेका पोराला जवळ ओढून त्याची नखं बघायच्या.

दिवस कलला की मुलगी फाटकाचे गज धरून रडायची. "उरा, उरा."

"उरात दुखतंय हिच्या," यशोधरा घाबरून म्हणाली. दोघी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. काही निघालं नाही. तरी यशोधरा रोज तिच्या छातीला बाम चोळायची, आणि मुलगी तिच्याकडे नवलानं बघत राहायची.

एस्तेरताईंनी मग वेगळंच सुरू केलं. पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढं धरला आणि भुवया उंचावल्या. मुलगी म्हणाली, "डा." दुसऱ्या दिवसापासून सगळं बालगृह पाण्याला 'डा' म्हणायला लागलं. जेवताना पोरं "डा दे, डा दे" करून ओरडली, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

"ताई, दोन महिन्यांत मराठी शिकंल ती. मग इचारू. एवढा आटापिटा कावून?"

"तवर तिनं कुणाला कायच सांगायचं न्हाई का?"

"तुमच्या देवाला कळत असंल की तिचं बोलणं."

एस्तेरताईंना हसू आलं. "त्याला कळतंय गं. पण ताटात वाढायचं काम त्यानं मला दिलंय. मला कळाया नको?"

पेला दाखवता येत होता, भाकरी दाखवता येत होती. 'उरा' मात्र कशानंच दाखवता येईना. छाती दाखवली, पोट दाखवलं, मुलगी मान हलवायची. त्या एका शब्दानं यशोधराला चैन पडेना. शेवटी ती मुलीला घेऊन मंडी बाजारात गेली आणि भेटेल त्याला विचारत सुटली.

रहमतुल्ला फळवाल्याच्या दुकानापुढं परतवाड्याहून आलेला संत्र्यांचा ट्रक उतरत होता. मुलीनं पाण्याची बाटली बघितली आणि म्हणाली, "डा." ट्रकचा ड्रायव्हर गर्रकन वळला.

"अरे, ये तो कोरकू बोल रही है! हमारे मेळघाट की बच्ची है."

"भाऊ, उरा म्हंजी काय?" यशोधरानं घाईनं विचारलं.

"उरा? उरा बोले तो घर."

यशोधरा तिथंच पेटीवर बसली. मुलगी रोज घरी न्या म्हणत होती, आणि आपण बाम चोळत होतो.

ड्रायव्हरनं धारणीतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं एका कोरकू बाईला बोलावलं. पलीकडून दोन शब्द आले मात्र, मुलीनं फोन हिसकावून घेतला आणि असं काही बोलत सुटली की रहमतुल्लानं तराजू खाली ठेवला. त्या बाईनं मग सांगितलं, तिचं नाव फुलवंती. आईबाप हैदराबादकडं बांधकामावर निघाले होते. गर्दीच्या डब्यातून ती पाणी प्यायला उतरली होती.

समितीनं धारणीत चौकशी करून आईबापांचा पत्ता काढला, कागद बघितले, आणि एका दुपारी आईबाप आले. फुलवंती पळत गेली नाही. सावकाश चालत आईजवळ गेली, तिच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तिला अशी बिलगली की सोडवता येईना. एस्तेरताईंनी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

निघताना ती आई एस्तेरताईंचे हात धरून कितीतरी वेळ बोलत होती. एस्तेरताई मान हलवत होत्या.

रिक्षा गेल्यावर यशोधरानं विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"मला काय ठाऊक?"

"मग मान कावून हलवत होता?"

"लेकरू जेवत होतं का, झोपत होतं का, हेच इचारीत असंल. दुसरं काय इचारणार?" एस्तेरताई म्हणाल्या, आणि फाटक लावता लावता, "का आणखी काय असंल गं?"