पेशीचा शर्ट

"रुख्माबाई, शर्ट कुठे आहे? पाच मिनिटांत लिंक लागेल."

"नाही वाळला जी साहेब. बादलीतच हाय."

अधीक्षक साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. अशा उन्हात तासाभरात वाळणारा शर्ट चुकून बादलीतच राहिला, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.

"आज पेशी आहे, माहीत होतं ना तुम्हाला?"

"कॉलर मळली होती जी."

गावाबाहेरच्या त्या निरीक्षणगृहात रुख्मा काळजीवाहक होती. म्हणजे कागदावर काळजीवाहक. बाकी स्वयंपाकापासून पोरांच्या उवा काढण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. गुन्ह्यात सापडलेली पोरं इथं ठेवत. पूर्वी पेशीला, म्हणजे सुनावणीला, त्यांना गाडीतून बाल न्याय मंडळापुढे नेत. तिथल्या न्यायाधीश मॅडम पोराला जवळ बसवत, जेवलास का विचारत, पाठीवर हात फिरवत. आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच पेशी होई. मॅडमना छातीपासून वरचं पोर दिसे, तेवढंच.

शर्टाची कल्पना रुख्माचीच. फाटक्या बनियनमध्ये पोरं मॅडमपुढे बसलेली तिला बघवेनात, म्हणून नवऱ्याचा निळ्या रेघांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट तिनं पेटीतून काढून आणला. रामलाल तो फक्त लग्नाकार्यात घालायचा. तो गेल्यावर तेवढाच एक तिनं जपून ठेवला होता. ज्याची पेशी, त्याच्या अंगात तो शर्ट, अशी रीतच पडली. तिला आपलं बरं वाटे. पण पुढे तिच्या ध्यानात आलं, की शर्टाची आठवण तिच्याआधी साहेबांनाच होते. बाह्या मनगटापर्यंत येत ना! ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

कामठ्याचा धनेंद्र परवा भिंतीवरून पळताना सापडला. ऑफिसचं दार लागलं आणि आतून पट्ट्याचे आवाज येऊ लागले. रुख्मा चुलीवरचा भात ढवळत राहिली. काल त्याच्या हातांवरच्या वळांना हळद लावताना तिनं विचारलं होतं, "मॅडमले सांगशील का नाही?"

"कसा सांगू मावशी? साहेब बाजूलेच बसून राहते ना."

म्हणून आज उजाडताच तिनं शर्ट बादलीत बुडवला होता.

धनेंद्र बनियनवरच खुर्चीत बसला. "हात टेबलाखाली," साहेब हळूच म्हणाले आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं शेजारी बसले. रुख्मा दाराशी उभी राहिली. पडद्यावर मॅडम आल्या. शेजारच्या चौकटीत धनेंद्रची आई रामकली होती, गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर. लेकाला बघताच ती मोबाईलच्या अगदी जवळ सरकली. पण रीत ती रीत.

"मॅडमले नमस्कार कर ना बापू. हात जोड."

आईचा आवाज ऐकताच धनेंद्रचे हात आपसूक वर आले.

मॅडम थबकल्या. "हाताला काय झालंय? नीट दिसत नाही. कॅमेऱ्याजवळ आण बघू."

धनेंद्रनं बाजूला पाहिलं.

"कोणाकडे पाहतोस? कोण आहे तिथं?"

पडदा काळा झाला.

"लाईट गेली," साहेब म्हणाले. डोक्यावर पंखा फिरतच होता.

त्यांचा मोबाईल वाजला. "हो मॅडम, लाईटचा प्रॉब्लेम. आत्ता जोडतो." फोन ठेवून ते अगदी थंडपणे रुख्माला म्हणाले, "शर्ट आणा. ओला असला तरी चालेल. आणि तुमची नेमणुकीची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते, नाही का?"

"हो जी," रुख्मा म्हणाली.

तिनं बादलीतून शर्ट काढला. तो हाताला जड लागला. भाचीच्या लग्नात हाच शर्ट घालून रामलाल पंगतीत वाढत होता, ते तिला आठवलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, विळीसमोर बसली.

परत आली तेव्हा साहेब पाठमोरे वाकून वायर जोडत होते. रुख्मानं ओला शर्ट धनेंद्रच्या अंगात घातला, एकेक बटण लावलं. पोरगं तिच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"भेऊ नको," ती पुटपुटली. "मी इथंच हावो."

साहेब वळले. त्यांची नजर शर्टावर खिळली. पण तोवर पडदा उजळला होता आणि मॅडम म्हणत होत्या, "हं, दाखव आता हात."

स्वयंपाकघरात विळीपाशी रामलालच्या शर्टाच्या दोन बाह्या पडल्या होत्या. त्यांतलं पाणी हळूहळू जमिनीवर पसरत होतं.