चारचौघांतलं कौतुक

चारुशीलानं हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि बायकांच्या घोळक्यात अगदी मागं बसलेल्या तुळजाबाईला उभं राहायला सांगितलं. तुळजाबाई उठेना. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, दुसरीनं दंडाला धरून वर ओढलं, तेव्हा कपाळावरचा पदर आणखी खाली ओढत ती कशीबशी उभी राहिली.

शाळेच्या अंगणात गाव जमलं होतं. चारुशीला मूळची तुळजापूरची, एका कारकुनाची मुलगी, औरंगाबादच्या कॉलेजातून आलेली. मुली चौथीनंतर शाळा का सोडतात आणि घरात ते कोण ठरवतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. नळदुर्गाच्या अलीकडच्या या गावात पंधरवडाभर राहून, घरोघरी विचारपूस करून आता ती निघाली होती, म्हणून गावानं नारळ दिला होता. आभाराचे दोन शब्द बोलून खाली बसायचं, एवढंच काम होतं. पण तिला भरून आलं होतं, आणि भरून आलेल्या माणसाला कुठं थांबावं ते कळत नाही.

ती म्हणाली, या गावात सातवीपर्यंत पोचलेली मुलगी एकच, शिवगंगा. सगळ्यांना वाटतं, तिला तिच्या आजीनं शिकवलं. पण खरं श्रेय या माउलीचं आहे. घरातल्या सगळ्यांचा विरोध होता, सासूबाईंचासुद्धा. स्वतः अक्षर न शिकलेल्या या आईनं युक्तीनं सगळ्यांना वळवलं आणि मुलीला शाळेत ठेवलं. अशी सून घरोघरी असायला पाहिजे.

बसवराज गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी वाजवल्या, मग पुरुषांच्या बाजूनं थोड्याफार वाजल्या. बायकांकडून एकही नाही. पुढच्या सतरंजीवर शिवगंगेची आजी कस्तुराबाई बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पदर नीट केला आणि खोबऱ्याचा तुकडा हातात पडेपर्यंत ती तशीच ताठ बसून राहिली. म्हातारी भारावली आहे, असं चारुशीलाला वाटलं. शिकलेल्या माणसाला काय वाटेल त्याचा नेम नाही.

तुळजाबाईची हकीकत तिला सहजासहजी मिळाली नव्हती. शिवगंगेला शिकवायचं कुणी ठरवलं, या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर होतं. शिवगंगेचा बाप बलभीम म्हणाला, आईनं. तुळजाबाई सासूकडं बघत म्हणाली, आत्याबाईंनी. कस्तुराबाई समाधानानं पान लावत राहिली. माणसांच्या देखत बायका असंच सांगतात, खरं एकट्यात विचारावं, असं चारुशीलाच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. म्हणून शेवटच्या दिवशी ती गोठ्यात गेली आणि म्हशीपुढं पेंड ठेवणाऱ्या तुळजाबाईला तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तुळजाबाईनं दाराकडं बघून घेतलं. मग तोंडाला पदर लावून हसली आणि सांगायला लागली.

शिवगंगा चौथी पास झाली तेव्हा शाळा सुटल्यातच जमा होती. त्या श्रावणात गावात पोथी वाचणारे बुवा डोळ्यांनी अधू झाले. तुळजाबाईनं पोरीला पोथी घेऊन आजीपुढं बसवलं. पोरीचा आवाज गोड, वाचणं स्वच्छ. मग आडावर पाणी भरताना तुळजाबाई बायकांना सांगत सुटली, की आमच्या आत्याबाईंनी नातीला शिकवायचं मनावर घेतलंय, कुणाचं ऐकतच न्हाईत. बायका कस्तुराबाईला भेटून म्हणू लागल्या, धन्य बाई तुमची. धन्य म्हटल्यावर कोण माघार घेतं? लेकी बोले सुने लागे ही सासवांची जुनी विद्या. या सुनेनं ती उलटी फिरवली होती.

सांगून झाल्यावर तुळजाबाईनं विचारलं होतं,

"तुमाला कुणी शिकवलं, बाई?"

"वडिलांनी."

"आन् आई काय म्हणायची?"

"आई काही म्हणायची नाही. वडील ठरवतील ते, म्हणायची."

तुळजाबाईनं मान हलवली आणि हात झटकून म्हशीच्या पाठीवरून फिरवला. कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली नाही. असली गोष्ट बोलायची नसते हे कुणाला सांगावं लागतं, हेच तिच्या गावी नव्हतं.

संक्रांतीला चारुशीला घरी तुळजापूरला आली, तेव्हा बाजारात बसवराज गुरुजी भेटले. ते गूळ घेत होते. शिवगंगेची तयारी कशी चाललीय, असं तिनं हौसेनं विचारलं. गुरुजींनी गुळाची ढेप पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि मग सांगितलं, की निरोपाच्या त्या सभेनंतर पोरगी शाळेत आलीच नाही. ते दोनदा घरी जाऊन आले होते. दोन्ही वेळा चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. गुरुजी तिला दोष देत नव्हते, टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं ती गावात उतरली.

कस्तुराबाई ओसरीवर सुपातले खडे वेचत होती. बसा म्हणाली, पाणी द्यायला सांगितलं. बलभीम आणि शिवगंगा शेतात तूर बडवायला गेले होते. येताना एस्टीत चारुशीलानं काय बोलायचं ते पक्कं केलं होतं. तुळजाबाईकडून शिकलेली विद्या आपणही वापरू, असा तिचा बेत होता. ती म्हणाली, आजी, नळदुर्गापर्यंत तुमचं नाव झालंय, कस्तुराबाईंनी नातीला शिकवलं म्हणतात. सातवीची परीक्षा तेवढी तुमच्या हातानं पार पडू द्या.

म्हातारीनं मान वर केली नाही.

"सुनंसारखं बोलायलाव की तुमी."

कस्तुराबाईनं एक खडा उचलून अंगणात टाकला.

"त्या श्रावणापासनं म्हाईत व्हतं मला. आडावरल्या बाया येऊन मलाच सांगायल्या, तुमी नातीला शिकवायलाव म्हणून. त्यांच्या कानात कुणी घातलं ते मला कळंना व्हय?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? पोरगी वाचायची ते ग्वाड लागायचं. तिच्या मनासारखं व्हायचं, माझा मान ऱ्हायचा. झाकली मूठ व्हती, बाई."

मग थांबत थांबत तिनं बाकीचं सांगितलं. रझाकाराच्या सालात नवरा गेला, बलभीम मिसरूड न फुटलेला. दीर बांधावर टपून होते. या घरात आपला शब्द चालतो आणि तो मोडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिनं जमीन राखली. सभा झाली त्याच दिवशी धाकटा दीर दारात येऊन उभा राहिला आणि बलभीमाला विचारू लागला, की आता तुझं घर कोण चालवतं, आई का बायको? सगळी आळी ऐकत होती. बलभीम खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी पोरगी दप्तर घेऊन निघाली, तेव्हा कस्तुराबाईनंच तिला उंबऱ्यातून माघारी फिरवलं. वाशीचं स्थळ आलं होतं, त्याला होकार गेला होता. वैशाखात लग्न.

चारुशीलाचे डोळे भरून आले. मी सगळ्यांना पुन्हा गोळा करते, ती म्हणाली, आणि माझंच चुकलं, मला खोटं कळलं होतं, असं सांगते.

तेव्हा म्हातारीनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"सांगा की. मंग म्हणतील, म्हातारीनं सांगाया लावलं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, की तेव्हापासून पोथी बांधूनच ठेवलीय. नातीला वाच म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

चारुशीलानं पिशवी उचलली. आतापर्यंत दाराआड उभी असलेली तुळजाबाई तिला पोचवायला अंगणापर्यंत आली. ती वाळली होती. आपल्याला ती बोलेल, शिव्या देईल, असं चारुशीला मनात धरून होती. निदान तोंड फिरवील. चिंचेखाली आल्यावर चारुशीलानं तिचा हात धरला.

"तुळजाबाई, मी तुमचं वाटोळं केलं. मला माफ करा."

तुळजाबाईनं हात सोडवून घेतला नाही.

"तुमचं कशानं? चूक माझी हाय. पोरीला बी म्या तेच सांगितलंय."

"तुमची कसली चूक?"

"सासरी येऊन पंधरा वर्सं झाली, बाई. भाजी कंची करायची हे सुदिक मला कुणी इचारलं न्हवतं. तुमी गोठ्यात येऊन इचारलं, कुणी ठरवलं म्हणून. तवा वाटलं, एकदा तरी म्हणावं, म्या ठरवलं."

आणखी काही तरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण ओसरीवरून कस्तुराबाईची हाक आली, आणि तिनं पदर पुढं ओढला.

"आले, आत्याबाई," असं म्हणून ती आत गेली.