एल्सपेटच्या जिभेवर अडलेला शब्द

मित्रांनो, मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, तरी मी फार जुना आहे. मी एक शब्द आहे. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीतला, एकाच अक्षराचा. फे. शिंक येता येता राहावी एवढाच माझा आवाज. पण एके काळी मी कुणाच्या तोंडून निघालो की बायका हातातलं काम टाकून आधी अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला बोट लावत.

माझा जन्म नेमका कुठला, ते मलाही सांगता यायचं नाही. उत्तरेकडच्या थंडीत, कुठल्यातरी लढाईच्या आदल्या दिवशी झाला असावा. ज्याचं मरण ठरून चुकलं आहे त्याला माणसं फे म्हणत. तेव्हा माझा मान मोठा होता. भाट मला मोठमोठ्या योद्ध्यांच्या नावांना जोडत. पुढे लढाया कमी झाल्या आणि मी गडावरून उतरून कोळ्यांच्या वस्तीत राहायला आलो. तिथे माझा अर्थ जरा सरकला. माणूस अचानक स्वभाव सोडून वागू लागला, कंजूष पैसे वाटत सुटला, घुमा गाऊ लागला, की म्हणायचं, हा फे झाला. मरणाने याला आधीच खूण करून ठेवली आहे.

या कामाची मला कायम धास्ती असे. मी मरण नुसतं दाखवतो, की मीच त्याला बोलावून आणतो? कारण मी ज्याला चिकटलो त्याचं जेवण सुटायचं, होडीत त्याच्या हातून वल्हं सुटायचं, आणि एक दिवस तो खरंच परतायचा नाही. मग लोक म्हणायचे, बघा, शब्द खरा ठरला. असलं कौतुक कुणाला हवं होतं?

अशात मी क्रेगहेवन गावी होतो. तिथे धक्का नव्हता. होड्या पाण्यात उभ्या राहायच्या, आणि नवऱ्याचे पाय दिवसभर ओले राहू नयेत म्हणून बायका घागरे खोचून त्याला पाठुंगळी घेऊन होडीत नेऊन ठेवायच्या. गावात सगळ्यांचं आडनाव मेअर, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. वॉटी मेअरला आंबट म्हणत. तो गोठ्यावरून गेला की आतलं दूध नासायचं, असं शेजारी शपथेवर सांगत. त्याची बायको एल्सपेट अंगाने दणकट. एकदा तिने नवरा आणि माशांची टोपली एकाच खेपेत किनाऱ्यावर आणली, आणि येता येता मोजाही विणला. मी स्वतः पाहिलं आहे.

तर एका हिवाळ्यात सकाळी हा वॉटी हसत उठला. लापशी चांगली झाली आहे म्हणाला. तंबाखूची डबी शेजाऱ्याला देऊन टाकली. किनाऱ्यावर आला तो शीळ घालत, आणि शिळेने वारा उठतो हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

वॉटी ज्या होडीवर जायचा तिचा तांडेल जोकी. त्याची आई ग्रिझेल शिंपले सोलत बसली होती. तिचा चाकू थांबला.

"पोरी, तुझा नवरा हसतोय."

"दिसतंय मला."

"दात दिसले त्याचे. लग्नातसुद्धा दिसले नव्हते."

"लग्नात तू मासे करपवले होतेस, आजी. कोण हसणार?"

आजीने नुसतं चाकूच्या पात्याला बोट लावलं. त्याच क्षणी मी एल्सपेटच्या जिभेवर येऊन बसलो.

तिने मला उच्चारलं असतं तर जोकीने वॉटीला होडीत घेतलं नसतं. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही. फे माणसाबरोबर समुद्रात कोण जाणार? त्यातून वॉटीनेच ते खरं मानलं असतं तर घरी बसल्या बसल्या झुरून मेला असता. पण गप्प राहून होडीच बुडाली, तर बाकीच्यांच्या बायकांना ती कुठल्या तोंडाने भेटणार होती?

तिने वॉटीला पाठीवर घेतलं आणि पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात थांबली. मग वळून किनाऱ्याकडे चालू लागली. जोकीने ओरडून विचारलं, होडी इकडे आहे, नवरा परत करायला निघालीस की काय. होडीतले खो खो हसले. ती पुन्हा होडीकडे वळली. पुन्हा किनाऱ्याकडे. भरती चढत होती. वॉटीला वाटलं बायको गंमत करते आहे, म्हणून तो आणखी हसला, आणि त्याच्या प्रत्येक हसण्यासरशी मी तिच्या ओठांकडे सरकत गेलो. मित्रांनो, नको, नको, असं मीच ओरडत होतो. पण शब्दाला स्वतःचा आवाज नसतो.

"वॉटी," ती हळूच म्हणाली, "कशाला हसतोस ते सांग, नाहीतर इथेच सोडते तुला."

"जोकीला सांगायचं नाही."

"बोल."

"दाढ काढली. काल, लोहाराकडे. आपलं लग्न ठरलं तेव्हापासून ठणकत होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"फार ओरडलो गं. नालाला आणलेलं घोडं दावं तोडून पळालं. अजून सापडलं नाही म्हणतात."

"आ कर."

त्याने आ केला. तिने मान मुरडून पाहिलं. मागे लालभडक खड्डा होता. तरी ती हलेना. दाढ उपटता येते, भीती तशी उपटता येत नाही. मग तिने एक आवंढा गिळला, त्याबरोबर मलाही गिळलं, आणि वॉटीला होडीत नेऊन ठेवलं.

तो दिवस मी तिच्या पोटात काढला. दुपारी समुद्रावरून धुकं आलं. बाकीच्या होड्या परतल्या, जोकीची आली नाही. ग्रिझेल आजी बोट पात्यावरून काढेना. त्या होडीत तिचाही पोरगा होता.

"सकाळी तुझ्या तोंडी काही आलं होतं का गं?" तिने विचारलं.

"लापशी," एल्सपेट म्हणाली.

अंधारू लागलं तेव्हा धुक्यातून आधी शीळ आली, मग होडी. एल्सपेट घागरा न खोचताच पाण्यात धावली आणि वॉटीला तिने एवढं घट्ट धरलं की दोघंही बुचकळले.

"पाय ओले झाले माझे," वॉटी कुरकुरला.

"होऊ देत," ती म्हणाली.

दाढेची गोष्ट अर्थातच गावभर झाली. पुढे वॉटी दिसला की लोक म्हणत, आला आपला फे, आणि हसत. पहिल्यांदाच मला उच्चारताना कुणी लोखंड शोधलं नाही. वॉटी एवढा जगला की शेवटी त्याला न्यायचं राहिलं आहे याची मरणाला दुसऱ्याच कुणीतरी आठवण करून दिली म्हणतात. विद्वान सांगतात, इंग्रजीत परीलाही फे म्हणत, त्या नावाशी माझा आवाज जुळला आणि त्यातून माझा अर्थ बदलला. असेलही. मी वाद घालत नाही. आज शहरात स्वतःच्याच तंद्रीत हसणाऱ्या एखाद्या पोरीला फे म्हणतात. जुना अर्थ कुणाला फारसा आठवत नाही, याचं थोडं वाईट वाटतं, आणि हायसंही वाटतं.

पण काळजी जात नाही. माझं जुनं काम आता दुसरे शब्द करतात, तेही लोखंडाला हात न लावता. म्हणून मित्रांनो, एखाद्याचं आता काही खरं नाही, असं तुमच्या जिभेवर आलं, तर जरा पाण्यातच थांबा. आधी त्याला आ करायला सांगा. आणि मग शब्द गिळावा लागला तर खुशाल गिळा. त्याला दुखत नाही. एल्सपेटच्या पोटात मला ऊब होती.