निवत घातलेलं भात

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ तर मला आजही सांभाळता येत नाहीत. चौथीपर्यंत शिकले, मग पाटी गेली आणि हाती सूप आलं. हे कुणी वाचायचं नाही, तरी चुकल्यामाकल्याची आधीच माफी मागून ठेवते. कारण लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या जावेविषयी, आमच्या गोदाक्काविषयी, आणि तिच्याविषयी वेडंवाकडं लिहिलेलं मलाच बरं वाटणार नाही.

गोदाक्का आठवली की आधी तिच्या मुसळाचा आवाज येतो. मार्गशीर्षातलं धुकं मळवलीच्या खाचरांवर सायीसारखं धरलेलं असायचं, लोहगड आणि विसापूर त्यात गळ्यापर्यंत बुडालेले असायचे, आणि त्या पांढऱ्या शांततेत आमच्या पडवीतल्या उखळात तिचं मुसळ पडू लागायचं. जड, गोल, सावकाश आवाज. जमिनीच्या पोटात कुणीतरी धिम्या पावलांनी चालत असावं तसा. माझ्या मुसळाबरोबर माझ्या बांगड्याही बडबड करीत. तिचे हात मोकळे होते, मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून तिच्या घावात दुसरा कसलाच आवाज मिसळत नसे.

पण तिचं खरं रूप दिसायचं ते मुसळ थांबल्यावर. एक उखळभर भात कांडून झालं की ती मुसळ भिंतीला टेकवायची, उंबऱ्यापाशी पाय लांब करून बसायची आणि दोन्ही तळवे उताणे मांडीवर ठेवून डोळे मिटायची. कोवळं ऊन येऊन त्या तळव्यांत बसायचं. छातीतला श्वास खाली उतरेपर्यंत ती तशीच राहायची, आणि मग कुणी न बोलावता उठायची, न्हाऊन आल्यासारखी. तिसऱ्या प्रहरी विसापूरची सावली खळ्यावरून सरकत तुळशीला लागली की तिचं कांडण त्या दिवसापुरतं संपायचं. टोपलीत भात उरलेलं असो नसो, दिवा लागल्यावर तिनं मुसळाला हात लावलेला मी पाहिला नाही.

गावाला याची मोठी गंमत वाटायची. पाणवठ्यावर बायका तिला राणी सरकार म्हणत. शेजारची सरजा एकदा पडवीत येऊन म्हणाली, "गोदे, तू बसतीस किती आन् कांडतीस किती?"

"बसते म्हनून कांडते," गोदाक्का डोळे न उघडता म्हणाली.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मात्र हसत नसत. त्यांच्या जिवाला घोर होता. त्या साली घाटातल्या कामावर आमच्या ह्यांच्या पायावर दगड पडला होता. पाय वाचवायला त्यांना पुण्याला न्यावं लागलं, आणि त्यासाठी लोणावळ्याच्या एका बंगल्यातून पैसे उचलले होते. बंगल्याच्या मुंबईकर बाईसाहेबांना हातसडीचे आंबेमोहोर तांदूळ लागत. ते कांडून घालायचे आणि शिमग्याच्या आत पैसे फेडायचे असं ठरलं होतं. नाही फिटले तर दोघी जावांपैकी एकीनं मुंबईच्या घरी कामाला जायचं. माझ्या पदरात तान्हं मूल, अंथरुणावर नवरा. जायची कोण, हे न बोलताच सगळ्यांना कळत होतं. म्हणून गोदाक्का उंबऱ्यापाशी बसली की मला वाटायचं, ही आपल्या हातानं आपलीच मुंबईची वाट मोकळी करतेय. एकदा धीर करून मी म्हटलं, आक्का, अजून थोडं कांडू या का? तेवढ्यात वरच्या अंगाला घाट चढून आलेल्या गाडीची शिटी झाली.

"इंजिनाला सरकार लोनावळ्यात थांबवून पानी पाजतं," ती म्हणाली, "आन् मला तू बसू देत न्हाईस व्हय?"

माघात तिचा भाऊ आजारी पडला आणि ती घोरावाडीला गेली. तिची पाठ वळली, आणि आत्याबाईंनी कंबर कसली. गोदी यायच्या आत ढीग लावून ठेवू, म्हणाल्या. पहाटेच्या अंधारात मुसळ पडायचं ते रात्री चिमणीच्या उजेडातही पडत राहायचं. अंगणात वाळत घातलेलं भात उन्हातून उचललं की तसंच उखळात. वाट कसली पाहायची? मी बोलणारी नव्हेच. खाली मान घालून घाव घालत राहिले. पोती भरत चालली तशी आत्याबाईंच्या तोंडावर तेज चढलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मुसळ जेमतेम वर जायचं, घाव कधी मधे पडायचा, कधी उखळाच्या कडेला. शेवटी एका सकाळी मला अंथरुणातून उठताच येईना. अंग तव्यासारखं तापलं होतं. त्याच दिवशी बंगल्यावर गेलेलं पोतं तसंच परत आलं. तिथल्या दिवाणजींनी सूपभर तांदूळ पाखडून दाखवले होते: निम्म्याच्या वर कण्या.

गोदाक्का आली तेव्हा ते पोतं ओसरीवर होतं आणि आत्याबाई त्याच्याशेजारी मयताला बसावं तशा बसल्या होत्या. गोदाक्कानं पोत्यात हात घातला, मूठ उघडून पाहिली. मला वाटलं, आता आवाज चढेल. ती खाली बसली आणि उखळातलं उरलेलं भात चाचपत अगदी साध्या सुरात बोलली.

"आत्याबाई, उन्हातनं आनल्यालं भात लगीच मुसळाखाली घालायचं न्हाई. रातभर सावलीत निवू द्यायचं. तापल्यालं भात तुटतं."

मग ती माझ्याजवळ आली, माझ्या कपाळावर तळवा ठेवला. मांडीवर उताणा ठेवायची तोच, उन्हानं भरलेला.

"ही बी तापलीया," ती म्हणाली. "ही निवंस्तवर हिला कुनी उठवायचं न्हाई."

आत्याबाई उठल्या, पडवीच्या सावलीत त्यांनी स्वतः गोणपाट अंथरलं आणि अंगणातलं भात आणून त्यावर पसरलं. त्या महिन्यात आम्ही दोन्ही वेळा कण्यांची पेज प्यालो. मुंबईवाल्यांची पेज चुकली, आपली पोटं भरली, म्हणून गोदाक्का हसायची.

मी बरी झाले तसा आमच्या घराला एक नवा श्वास आला. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं घाव घालू लागलो. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली, आणि माझ्या बांगड्यासुद्धा तिच्या चालीवर वाजायला शिकल्या. उखळ रिकामं झालं की दोघीही बसायचो. आत्याबाई पाखडायच्या, आणि आम्ही आधी उठलो तर त्याच दटावायच्या, "बसा गं, भात कुटं पळून चाललंय." विसापूरची सावली तुळशीला लागली की त्या आमच्या हातातली मुसळं काढून घ्यायच्या. दिवस तेवढाच होता, पण त्यातून तांदूळ उतरायचे ते सगळे सबंध, बाळाच्या पहिल्या दातांसारखे. वास सगळ्या आळीत जायचा. पोत्यामागून पोतं बंगल्यावर गेलं, त्यातलं एकही परत आलं नाही.

होळीच्या लाकडांसाठी पोरं हिंडू लागली होती तेव्हा आम्ही शेवटचं पोतं घेऊन लोणावळ्याला गेलो. बंगल्याच्या आवारात चाफा फुलला होता. बाईसाहेबांनी ओंजळीत तांदूळ घेतले, हुंगले, आणि हिशेब मिटवा म्हणून दिवाणजींना सांगून आत गेल्या.

"फिटलं का?" गोदाक्कानं विचारलं.

दिवाणजी म्हणाले, "फिटलं. कुणाला मुंबईला यायचं कारण नाही."

गोदाक्कानं मान डोलावली, आणि तिथेच, त्या बंगल्याच्या फरसबंदी पायरीवर, पाय लांब करून बसली. तळवे उताणे मांडीवर, डोळे मिटलेले. दिवाणजी घुटमळले, उठ म्हणायचं त्यांच्या तोंडी आलं नाही. मला आयुष्यभर चार माणसांत उभं राहायचीसुद्धा लाज, पण मी पदर सावरला आणि तिच्याशेजारी पाय पसरून बसले. स्टेशनात इंजिन पाणी पीत उभं होतं. त्याचा सुस्कारा आम्हाला तिथवर ऐकू येत होता.

आता गावात गिरणी आली आहे, उखळात पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या त्यात न्हातात. गोदाक्का नाही. तरी विसापूरची सावली तुळशीला लागली की माझे हात आपोआप थांबतात, मी उंबऱ्यापाशी बसते, आणि सगळा गेलेला काळ सावलीत पसरलेल्या भातासारखा निवत जातो. मग त्यातून सबंध निघतो तो एकच क्षण, आम्ही दोघी त्या पायरीवर, ऊन तिच्या तळव्यांत, आणि कुणाचं काही देणं उरलेलं नाही.