वकिलाच्या पंखाखालचे रहिवासी

वकिलाला सोसायटीतून काढून टाकण्यात आलं. ठराव मांडला गेला, हात वर झाले, समोसे संपले.

तसं काही झालेलं नाही. ते वाक्य सोडून द्या. आपण असं धरू की रोह्याच्या गुलशन सोसायटीत आज पहाटेही वकील आरवला, नझीरचाचांनी खिडकी आपटली आणि माझ्या नूरबानो खालाने मागच्या दारातून त्याला कण्या टाकल्या.

वकील म्हणजे खालाचा कोंबडा. कुणी काही विचारलेलं नसताना बोलायला लागतो आणि मुद्दा नसला तरी थांबत नाही, म्हणून वकील. खालाचे यजमान, आमचे खालू, वारले, मुलगा नावेद डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागला आणि शिफ्टवरून आला की झोपतो. घरात खालाशी बोलणारा वकील एकटाच. "नावेदला हाक मारली तर कूस बदलतो," खाला म्हणते, "ह्यो निदान उत्तर तरी देतो."

सगळं सुरू झालं माझ्या बहिणीमुळे. हफ्सा पेणच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकते. प्रॅक्टिकलसाठी तिला पाळीव पक्ष्याच्या कातडीवरचे जीवाणू हवे होते. तिने वकिलाला मांडीवर घेतलं, पंख उचलला आणि कापसाचा बोळा फिरवला. वकिलाने तीव्र हरकत नोंदवली. मग कॉलेजातल्या काचेच्या बशीत पिवळट-पांढरे गोल ठिपके उगवले, साबुदाण्यासारखे. हफ्साला इतका आनंद झाला की तिने बशीचा फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'वकिलाच्या पंखाखाली राहणारे. किती गोड!'

त्या ग्रुपवर नझीरचाचा आहेत. चाचा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. अर्धं आयुष्य कुवेतला एसी दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे हवेतलं त्यांना सगळं कळतं. मी सेक्रेटरी. निवडणुकीच्या सभेत मी उशिरा पोचलो, माफीसाठी हात वर केला आणि मला तो खाली करायला वेळ मिळाला नाही.

चाचांनी मला जिन्यात गाठलं.

"सुफियान, ह्ये काय हाय?"

"जीवाणू, चाचा. कोंबड्याच्या कातडीवरचे."

"जिवंत?"

"व्हय."

"आणि आपल्या सोसायटीत राहतात? कुणाच्या परवानगीने?"

"चाचा, ते सगळ्याच पक्ष्यांवर असतात. निरुपद्रवी आहेत."

"कुवेतमध्ये असं नाय. तिथं कोंबडी पाकिटातून येते. तिच्या अंगावर काय नसतं."

"तिच्या अंगावर पिसंही नसतात, चाचा."

ह्याला ते उद्धटपणा म्हणतात. मी ह्याला निरीक्षण म्हणतो.

संध्याकाळपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. त्याच्यासोबत कुठल्या तरी परदेशी माणसाच्या सडलेल्या पायाचा फोटोही होता. तो कुणी जोडला, कशासाठी, कुणाला माहीत नाही. पण आता दोन्ही फोटो एकाच कोंबड्याचे झाले होते. वरच्या मजल्यावरच्या प्रतिक्षाताई, ज्यांच्या पोराने खालाकडे कोंबड्या होत्या तेव्हा त्यांची अंडी खाऊन बाळसं धरलं, त्या खाला समोरून आली की पदराने नाक झाकायला लागल्या. मला संताप ह्याचाच येतो. आजार झाला असता तर माणसं घाबरली असती, ते मी समजू शकतो. इथे आजार नव्हता, इथे फक्त माहिती होती.

खालाने ते मनाला लावून घेतलं. आणि तिने ती गोष्ट केली जी आमच्याच घरात होऊ शकते.

नावेदला कंपनीतून हात धुवायचा साबण मिळतो. भगवा, घट्ट, रवाळ, लिंबाच्या वासाचा. मशीनचं ग्रीस काढायचा. आमच्या खानदानात त्या साबणाला मान आहे. त्याने आम्ही तवे धुतले, सायकलची साखळी धुतली, एकदा नमाजाची टोपी धुतली. शुक्रवारी घरात सगळ्यांच्या अंघोळी होतात, तर खालाने विचार केला, ह्याचीपण करू.

"जो साबण माझ्या पोराच्या हाताचं काळं काढतो," ती मला म्हणाली, "तो ह्याचं जंतू नाय काढणार?"

काढले. लागोपाठ काही शुक्रवार वकील बादलीत बुचकळला गेला, घासला गेला आणि उन्हात ठेवला गेला. त्याला लिंबाचा वास यायला लागला. चाचा खिडकीतून म्हणाले, "शाबास गो नूरबानो." मग त्याची छाती लाल झाली. पिसं गळायला लागली. पंखाखाली खपल्या धरल्या, त्यातून पाणी यायला लागलं. आणि एका पहाटे तो आरवलाच नाही.

खाला त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होती. रडत नव्हती. फक्त म्हणाली, "बोल की रे काय तरी."

हफ्सा आली, तिने पंख उचलून पाहिलं आणि ती भडकली.

"खाला, कशाने धुतलास गो ह्याला?"

खालाने डबा दाखवला. हफ्साने डोळे मिटले.

"अगो, जे होते ते राखण करत होते. घरात माणसं असली तर चोर शिरतात का? तू सगळ्यांना घराबाहेर काढलंस आणि दार उघडं ठेवलंस. आता शिरलेत ते खरे वाईट."

"मग ते परत कसे येतील?" खालाने विचारलं. घर सोडून गेलेल्या सुनेबद्दल विचारावं तसं.

गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, साबणावर बंदी घातली आणि सांगितलं, ह्याला कोरड्या मातीत लोळू द्या. आता गुलशन सोसायटीत माती नाही. चाचांनी अध्यक्ष झाल्या झाल्या कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. कुवेतमध्ये चिखल नसतो. मग हफ्साच्या मैत्रिणीचे वडील, पेणचे कमळाकरकाका, त्यांना फोन केला. त्यांचा गणपतींचा कारखाना आहे आणि मागच्या अंगणात वाळलेल्या शाडूचा ढीग आहे.

वकिलाला पिशवीत घालून आम्ही एसटीने पेणला नेलं. तो न बोलता बसून राहिला. कंडक्टर म्हणाला, "गरीब आहे हो." खालाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं तिकीट फाडताना बोट कापून घेतलं.

"ऱ्हाऊं दे की," कमळाकरकाका म्हणाले. "माझ्याकडं एवढं उंदीर रांगेत बसलंत, एक कोंबडा नाय जड."

वकिलाने शाडूच्या ढिगाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने. मग त्याने स्वतःला त्यात फेकून दिलं. तो इतका लोळला की अर्धवट रंगवलेल्या मूर्तीसारखा दिसायला लागला. काही आठवड्यांत खपल्या पडल्या, नवी पिसं आली आणि एका दुपारी त्याने कमळाकरकाकांच्या कारागिरांना काही तरी सुनावलं. हफ्साने पुन्हा बोळा फिरवला. बशीत तेच साबुदाणे. ते परत आले होते.

आम्ही ही आनंदाची बातमी घेऊन सभेत गेलो. आमची चूक एवढीच की आम्हाला ती आनंदाची वाटली.

"म्हंजे जंतू परत आले?" चाचांनी विचारलं.

"हो, म्हणून तर बरा झाला!" हफ्सा म्हणाली.

"बस्स. कबूल केलंत. लिहून घे, सुफियान."

"चाचा, तुमच्याही हातावर आहेत."

"ह्या हातावर?" चाचांनी तळवा पुढे केला. "घे, बघ. कुवेतचा हात हाय ह्यो."

हफ्साने बोळा फिरवला. पुढच्या सभेत तिने दोन्ही बश्या टेबलावर ठेवल्या. वकिलाच्या बशीत ठिपके मोजता येत होते. चाचांच्या बशीत काच दिसत नव्हती.

चाचांनी आपली बशी निरखून पाहिली. प्रतिक्षाताईंनी निरखून पाहिली. कुणी तरी समोशांची थाळी बशीपासून दूर सरकवली.

"ह्ये माझे नाय," चाचा म्हणाले. "ह्ये समोशाचे."

आणि हात वर झाले. प्रतिक्षाताईंनी पदराआडून वर केला. खालाचा हात मांडीवरच राहिला. मी सेक्रेटरी, मला लिहावं लागलं : सदर कोंबड्याच्या अंगावर जीवाणू असल्याचे सिद्ध झाल्याने त्यास सोसायटीत प्रवेश नाही.

वकील आता पेणला असतो. खाला रोज कमळाकरकाकांना फोन लावते, काका फोन त्याच्या चोचीपुढे धरतात आणि तो स्पीकरवर आरवतो. काल चाचांनी त्याचीही तक्रार केली. जंतू आवाजातून येतात का, असं त्यांनी हफ्साला विचारलं. गंभीरपणे.

सबब, सेक्रेटरी या नात्याने माननीय अध्यक्ष व कार्यकारिणीस नम्र विनंती की, पुढील सर्वसाधारण सभेस येताना प्रत्येक सभासदाने आपल्या कातडीवरील समस्त रहिवाशांना घरी ठेवून यावे व तसे प्रमाणपत्र त्या रहिवाशांच्या सहीनिशी सादर करावे. ते शक्य न झाल्यास सदर रहिवाशांस प्रत्येकी एक याप्रमाणे मतदानाचा हक्क देऊन, श्री. वकील यांस श्रीमती नूरबानो यांच्या मागील दारी तहहयात वास्तव्यास बहुमताने मंजुरी मिळावी, आणि त्यांच्या मातीत लोळण्याच्या सोयीसाठी चार पेव्हर ब्लॉक अध्यक्षांनी स्वहस्ते उखडून द्यावेत, ही विनंती.