‘र’ हरवलेला फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे आणि सध्या पालथा पडलेला आहे. तक्रार मुळीच नाही. हे पालथेपण मला कसे लाभले, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म परळच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मजकूर दगडूकाकांचा. ते लालबागच्या आमच्या मंडळाचे जुने कार्यकर्ते. चाळीतली श्रेया चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकली आणि आइस हॉकीच्या शिबिरासाठी लडाखला निवडली गेली, एवढीच वस्तुस्थिती. माझ्यावर मात्र छापले गेले: ‘आंतरराष्ट्रीय आइस हॉकी गोलक्षक कु. श्रेया हिचे हार्दिक अभिनंदन!’ ‘गोलरक्षक’मधला ‘र’ टंकताना गळाला. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण अभिनंदनाचा फ्लेक्स कोणी वाचत नसते. त्यात आपला फोटो आहे का, तेवढे पाहतात. श्रेयाचा फोटो एक होता, शुभेच्छुकांचे अनेक.

मंडळाच्या कार्यालयात, समोरच्या भिंतीवर मला ताणून बांधले. लोक माझ्यापुढे सेल्फी काढत. वारा नसताना मी फडफडत असे, हे म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. पण जवळपास तसेच होते.

पुढे श्रेयाचा भाऊ विनीत याने एका ऑनलाइन ज्ञानकोशात तिच्यावर लेख लिहिला. तो ठेवावा की वगळावा, अशी चर्चा दादरच्या देविकाबाईंनी मागितली. त्या जीवशास्त्र शिकवतात आणि फावल्या वेळात त्या कोशातले लेख तपासतात. विनीत त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने बाईंना थेट मंडळातच बोलावले. लेख गेला तर बहिणीचे नावच पुसले जाईल, अशी त्याला धास्ती होती.

त्या संध्याकाळी अख्खी चाळ एका लॅपटॉपवर वाकली होती.

“मॅडम, पुरावे आहेत,” विनीत म्हणाला. “हा साप्ताहिकाचा अंक, यात तिची बातमी आहे. आणि हा आपला फ्लेक्स.”

“फ्लेक्स संदर्भ होतो होय रे?”

“का नाही होत?” दगडूकाका उसळले. “अख्खा लालबाग बघतो त्याला! तुमचा तो कोश कोण बघतं?”

हशा पिकला. मी दोऱ्यांसकट थरारलो. मी, आणि संदर्भ!

बाईंनी अंक वाचला आणि उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला प्रथमच कोणीतरी अक्षरन् अक्षर वाचत होते.

“विनीत, ‘गोलक्षक’ म्हणजे काय?”

विनीतने अंक पाहिला. मला पाहिले. पुन्हा अंक पाहिला.

“असा शब्द मराठीत नाही,” बाई म्हणाल्या. “तो आहे फ्लेक्सवर आणि या बातमीत. चूक वारशाने आली, म्हणजे जन्मदाता कोण ते कळलं.”

“म्हणजे पेपरवाल्यानं माझं ढापलं?” काकांचा चेहरा उजळला. “बघा, काय लिहिलं असेल मी!”

“पण मॅडम, ती खरंच गुणी आहे हो,” विनीत कळवळून म्हणाला.

“मी कुठे नाही म्हणते? गुण आहे का, हा प्रश्नच नाही. तिच्या माणसांखेरीज तिच्याबद्दल कोणी लिहिलंय का, हा प्रश्न आहे.”

तेवढ्यात दारातून श्रेया म्हणाली, “दादा, उडव रे तो लेख. देशासाठी एक मॅच नाही खेळले अजून. शिबिरातल्या पोरींनी वाचलं तर मला सोडतील काय? आंतरराष्ट्रीय म्हणे!”

विनीतने स्वतःच्या हाताने चर्चेत ‘वगळा’ असे लिहिले. बाईंनी लॅपटॉप ओढून त्याआधी एक शब्द घातला: ‘तूर्त’.

मला वाटले, आता माझी रवानगी भंगारात. पण श्रेयाने माझी पाठ चाचपली. “काका, हा मला द्या. काय गुळगुळीत आहे!”

लालबागमध्ये बर्फ असतो तो मासळीखाली. त्यामुळे चाळीच्या गच्चीवर मी पालथा पसरलो आहे, साबणाच्या पाण्याने निसरडा. विनीत रबरी चकती मारतो. श्रेया गुडघ्यांवर घसरत येऊन ती अडवते. खोटा मजकूर जमिनीकडे, खरा खेळ वर.

मित्रांनो, मला जपा, पण माझ्यावर भिस्त ठेवू नका. पुढचा फ्लेक्स छापाल तो तिची मॅच झाल्यावर, आणि छापण्याआधी एकदा वाचा. माझ्यातून रक्षकाचा ‘र’ गळाला होता. आता रक्षकच माझ्यावर उभी आहे. विनीतने काठी उगारली, चकती सुटली, आली, आली...

अडवली!