बेचाळीस किलो

तिनं पत्रक पालथं टाकलं, पुन्हा उलटलं आणि आकडा परत पाहिला. तो बदलला नव्हता. एकशे चार टन. आडबाजूच्या एका लहानशा विमानतळाचा महिन्याभराचा माल. आदल्या महिन्यात छत्तीस, त्याच्या आदल्या महिन्यात अडतीस. वर्षभर निमूट बसलेला आकडा वर्षाच्या शेवटच्या महिन्यात असा तिपटीनं उसळतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

सरकारच्या हवाई वाहतूक आकडेवारी विभागात तिची एकोणीस वर्षं झाली होती. कुठून किती विमानं उडाली, किती माणसं बसली, किती माल गेला हे दर महिन्याला गोळा करायचं आणि अहवालात छापायचं. आकडा चौथाईहून जास्त हलला तर फोन करून कारण विचारायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीत लिहायचं, असा नियम होता. एरवी असे फोन ती हसतखेळत करायची. आज मात्र पेनाचं टोपण काढत-लावत ती अर्धा तास नुसती बसून होती, कारण त्या विमानतळाच्या मालगोदामाचा प्रमुख तिचा सख्खा मोठा भाऊ होता आणि दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं.

आई गेली तेव्हा तिला पोचायला एक दिवस उशीर झाला होता. अहवालाची तारीख होती, साहेब सोडेनात, आणि खरं सांगायचं तर आई इतक्यात जाईल असं तिला वाटलंही नव्हतं. ती दारात बॅग टेकवते न टेकवते तोच दादा म्हणाला होता, "झाली का बेरीज?" तीनच शब्द, पण ते तिच्या काळजात रुतले. निघताना तिनं आईचं शिलाई मशीन मागितलं. वडिलांच्या पश्चात आईनं त्याच मशीनवर दुसऱ्यांचे कपडे शिवून दोघांना वाढवलं होतं. ते इथून हलणार नाही, असं भिंतीकडं बघत सांगून दादा आत निघून गेला.

आणि बारा दिवसांपूर्वी, ध्यानीमनी नसताना, ते मशीन विमानानं तिच्या दारात येऊन उभं राहिलं. पायडलासकट, लाकडी चौकटीत ठोकून बसवलेलं, जुन्या चादरींत गुंडाळलेलं. सोबत चिठ्ठी नव्हती, नुसतं लेबल होतं: पावतीचा नंबर आणि वजन, बेचाळीस किलो. ती तिथंच फरशीवर बसून पोटभर रडली. दादाचा राग निवळला, आणखी काय हवं? तेव्हापासून ती रोज फोन उचलायची आणि रोज ठेवून द्यायची. अगं, फोन काय चावतो का, असं नवरा चिडवायचा. येत्या रविवारी नक्की करते, असं म्हणता म्हणता एक रविवार गेलासुद्धा.

शेवटी तिनं गोदामाचा नंबर टाळून तिथल्या कचेरीतल्या कारकुनाला फोन लावला. हा कारकून म्हणजे बोलका माणूस. ही कोणाची बहीण ते त्याला ठाऊक नव्हतं, तो तिला विभागाच्या मॅडम म्हणूनच ओळखायचा. आधी त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग बाजार वाढल्याचं सांगितलं. ती काहीच बोलेना. समोरचा गप्प राहिला की या माणसाला दम धरवत नाही, हे तिला अनुभवानं माहीत होतं. मग तो सगळं भडाभडा बोलून गेला. वर्षाचा माल पाचशे टनांच्या आत राहिला तर मालाचं विमान बंद होणार, गोदामाला कुलूप लागणार आणि एकतीस माणसं घरी बसणार. म्हणून गावानंच मनावर घेतलं. हार्डवेअरवाल्यानं जावयाला चार पोती खिळे पाठवले. दाताच्या डॉक्टरनं जुनी खुर्ची बहिणीच्या गळ्यात मारली. एका शिक्षकानं चुलतभावाला विटा धाडल्या आणि भाऊही असा बिलंदर की त्यानं त्या विमानानंच परत धाडल्या.

"भाडं प्रत्येकानं रोख भरलंय, मॅडम, खोटं काही नाही," कारकून म्हणाला. "घरात जे जड असेल ते उचलायचं आणि नात्यात जो लांब असेल त्याला पाठवायचं."

दोन हजार ऐंशी पावत्यांची यादी दुपारपर्यंत पाठवतो असंही तो म्हणाला. ती हो-हो करत होती, पण तिचं चित्त तिथं नव्हतंच. जे जड असेल ते, नात्यात जो लांब असेल त्याला. म्हणजे आईचं मशीन घरातलं सगळ्यात जड, आणि नात्यात सगळ्यात लांब ती.

ती साहेबांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विमानातून विटा म्हणत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून म्हणाले की भाडं भरलंय आणि विमानातून गेलंय, तेव्हा तो माल. आपण वजनं मोजतो, लोकांची मनं नाही. यादी जुळली की शेऱ्यात 'स्थानिक मागणीत वाढ' लिहा आणि मोकळ्या व्हा. कारण विचारायला जाऊन तिनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. गोदाम वाचलं याचं तिला बरं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. तिला राग आला होता, आणि दादाहून जास्त तो स्वतःचा आला होता. वजन भरायला धाडलेल्या मालासाठी आपण फरशीवर बसून रडलो. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली.

तीनच्या सुमारास यादी आली. जुळवणी कामाचीच होती, पण तिनं आधी आपलं काम केलं. पर्समधून लेबल काढलं, नंबर यादीत शोधला. सापडला नाही. तारखेनं शोधला, तरी नाही. बेचाळीस किलोच्या नऊ पावत्या होत्या, तिची एकही नव्हती. यादीची बेरीज एकशे चार टनांशी किलोपर्यंत जुळत होती. मग मशीन आलं ते काय चालत आलं? ती उठून खिडकीशी गेली, परत आली, खुर्ची ओढली आणि कारकुनाला पुन्हा फोन लावला. यादीत एक पावती नाही, एवढंच म्हणाली आणि नंबर सांगितला. पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"हां, ही होय. ही मोजायची नसते, मॅडम. स्टाफची आहे."

कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा पन्नास किलोपर्यंत सामान फुकट पाठवता येतं, आणि फुकटचा माल आकडेवारीत धरायचा नसतो. हा नियम तिच्याच विभागाच्या पुस्तिकेत होता, तिनंच तो दोनदा तपासून छापायला दिला होता.

"स्टाफपैकी कोणाची?" तिनं विचारलं.

"आमच्या गोदामप्रमुखांची." त्याचा आवाज खाली आला. "त्या दिवशी आम्हाला अजून एकवीस टन कमी होते. किलोकिलोसाठी दारोदार फिरत होतो. मी म्हटलं, साहेब, तुम्हीच भाडं भरा की, तेवढेच बेचाळीस किलो धरता येतील. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, हे त्यात नाही. दोन दिवस रजा काढून चौकटसुद्धा स्वतःच्या हातानं ठोकली बघा."

तिनं फोन ठेवला. शेऱ्याचा रकाना अजून कोराच होता, आणि साहेब दारातून एकदा डोकावून गेले होते. तिनं पुन्हा फोन उचलला. गोदामाचा नंबर तिला बघावा लागला नाही.

"मालगोदाम," पलीकडून आवाज आला. मागं लोखंडी गाड्यांचा खडखडाट चालला होता.

"दादा."

खडखडाट तसाच चालू राहिला. कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं त्या माणसाला थांब म्हटलं. काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं.

"मशीन पोचलं," ती म्हणाली.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

तो रागावल्यासारख्या आवाजात म्हणाला, "सुई काढून ठेवलीय. डाव्या खणात आहे, कापसात. उगाच चाचपडत हात घालू नकोस, ठमे."